मदतीची पानं आणि पत्रिकेतली नावं

१० ऑगस्ट, रविवार

आबांनी आज पुन्हा भिंतीवरचं बटण पाडलं.

मी बाहेर नळावर होते. आत साक्षीने कॉम्प्युटरवर help(str) लिहून एंटर मारलं, पडदा इंग्रजीने काठोकाठ भरला, खाली डाव्या कोपऱ्यात नुसतं : उरलं आणि पुढे काही टाइप होईना. आबा बुद्धविहाराच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. "हँग झालाय गो," म्हणाले, उठले, बटण बंद. अँप्लिफायर शिट्टी मारायला लागला की ते हेच करतात. गावकमिटीचे अध्यक्ष, त्यात अँप्लिफायर त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे विहारातली प्रत्येक वायर आपलीच असं त्यांना वाटतं.

माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींचं दुपारभराचं काम गेलं. साक्षी रडली नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

हँग वगैरे काही नव्हतं. help(str) म्हणजे शब्दांवर काय काय करता येतं त्याची मदत, ती एका पडद्यात मावत नाही म्हणून तो थांबतो. पुढचं पान हवं का, याची वाट बघतो. एवढंच. तो वाट बघतोय आणि आम्ही त्याची वीज तोडतोय.

१६ ऑगस्ट, शनिवार

पालीच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातून, कामावरून, लवकर सुटले. (आठवडाभर लोकांचे उत्पन्नाचे दाखले आणि पीकविमा. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.)

फळ्यावर लिहिलं: स्पेस म्हणजे पुढचं पान. b म्हणजे मागचं. एंटर म्हणजे एकच ओळ. q म्हणजे बाहेर. त्याखाली प्राचीने स्वतःहून लिहिलं, "बटण बंद करू नये. हुकुमावरून." आबा तिचे सख्खे आजोबा, म्हणून तिला चालतं.

एका अक्षरात बाहेर पडता येतं हे साक्षीला पटेना. तिने आख्खं quit() लिहिलं. पहिल्या q लाच ती बाहेर आली होती. उरलेलं uit() गेलं पायथनकडे, म्हणजे आम्ही शिकतो त्या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे. त्याने सांगितलं, uit नावाचं काही मला माहीत नाही. पोरी हसून लोळल्या. आता कुणी आगाऊपणा केला की, "काय गो uit?"

१७ ऑगस्ट, रविवार

विहाराला लागून असलेल्या आमच्या वर्गाच्या खोलीचा विषय शेवटी निघालाच.

आबा: "नेट नाय, काय नाय. मग हा डबा कशाला? मंडपाचं सामान माझ्या पडवीत भिजतंय. खोली त्याला देऊया."

मी म्हटलं, आबा, नेट लागत नाही. सगळी मदत आतच असते.

"आत कुठं?"

दाखवलं. दोनतीन वेळा स्पेस मारली. ते म्हणाले, "हे इंग्रजी हाय." त्यांचं बरोबर आहे.

निर्णय गावात होत नाही. आमच्याकडे कोणताच निर्णय गावात होत नाही. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने कॉम्प्युटर पाठवला, मंडळच ठरवणार. म्हणून गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर गेले, रेंज फक्त तिथेच, आणि मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. सुरेशतात्या. तात्या सभ्य माणूस. म्हणाले, "बघ मयुरी, लोक मला विचारतात, सर्टिफिकेट मिळतं का? नाही. परीक्षा असते का? नाही. मग मी सभेत उभं राहून काय सांगू?"

मी म्हटलं, वर्षावासाच्या समाप्तीला, ऑक्टोबरात, तुम्ही येणारच आहात. त्या दिवशी पोरींना काम द्या. मी शिकवलेलं नाही असं काहीतरी. त्यांनी तिथल्या तिथे वाचून करून दाखवलं तर खोली राहू द्या. नाही जमलं तर मी स्वतः मंडपाचे बांबू आणून ठेवते.

तात्या हसले. "नक्की ना?"

नक्की. बोलून गेले आणि खाली उतरताना एकदाही वाटलं नाही की चुकले. पुस्तकातलं पाठ करून पास होणारे आमच्या वर्गात खूप होते. मला तसल्या पोरी घडवायच्या नाहीत. घरात पहिली पदवी माझी. तिचा उपयोग काय, तर माझ्यामागून येणारीला माझी गरज लागू नये.

(हे वाक्य जरा भाषणासारखं झालं. राहू दे.)

२४ ऑगस्ट, रविवार

आज कळलं पोरी मागे का पडतायत.

help मधलं एक अक्षरही त्या सोडत नाहीत. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतात. एकजण वाचते, बाकीच्या मांडी घालून ऐकतात, पान संपलं की दुसरी पुढे सरते आणि स्पेस मारते. सुरुवातीला त्या दोन-दोन रेघांची नावं येतात, __add__, __contains__, तीसुद्धा. प्राची तर उच्चार करते, "रेघ रेघ ॲड रेघ रेघ."

मी विचारलं, हे काय चाललंय?

प्राची: "वाचतोय ना ताई. मधलं सोडायचं नसतं."

मग डोक्यात उजेड पडला. शेजारच्या हॉलमध्ये वर्षावासाचं, पावसाळ्याचे तीन महिने चालणारं ग्रंथवाचन असंच असतं. रोज संध्याकाळी पाळीने एकेक जण, आदल्या दिवशी जिथे थांबलं तिथून, मधलं काही न गाळता. यातल्या प्रत्येकीने लहानपणापासून तेच पाहिलंय. मोठं काही वाचायचं तर असंच, हे त्यांच्या अंगात आहे. मीही तशीच वाढले. मला कोण हसणार.

सांगितलं की हे ग्रंथासारखं वाचायचं नसतं, लागेल तेवढंच घ्यायचं. प्राचीचा चेहरा असा, जणू मी देव्हाऱ्यातलं काही उचलून खायला सांगितलं. आमच्याकडे देव्हारा नाही, पण कळलं मला.

संध्याकाळी वाचनाची पाळी आईची होती. ती चौथी शिकलेली, जोडाक्षरावर अडते. अडली की थांबते, ओठ हलवून आधी स्वतःशी म्हणते, मग मोठ्याने. कुणी घाई करत नाही. मला आवडतं ते.

३० ऑगस्ट, शनिवार

शोधणं शिकवलं. / आणि पुढे शब्द, मग एंटर. तो शब्द असेल तिथे पान उडी मारतं. n म्हटलं की पुढच्या जागी, मोठा N म्हटलं की मागच्या. g ने अगदी वर, G ने तळाला.

साक्षीला पंख फुटले. जे सुचेल ते शोधतेय. स्वतःचं नावही शोधलं. सापडलं नाही म्हटल्यावर, "मी नाय यात."

प्राचीने हात बांधून विचारलं, "पण ताई, शब्द माहीत असेल तर शोधणार ना? कुठला शब्द शोधायचा तेच माहीत नसेल तर?"

म्हटलं, विचार करून सांगते.

७ सप्टेंबर, रविवार

दुसरी अडचण. q दाबलं की वाचलेलं सगळं पडद्यावरून जातं. मागे फक्त ते तीन बाण, >>>, आणि रिकामी ओळ. पोरी वैतागल्या. आत्ता होतं, गेलं कुठे?

मला वाटतं हे चांगलंच आहे. वाचायचं, डोक्यात घ्यायचं, बाहेर यायचं, करून बघायचं. नाही जमलं तर पुन्हा आत. बघून उतरवता येतच नाही. साक्षीने तरी तळहातावर पेनने लिहून पळवाट काढली. तिला म्हटलं, घाम आला की जाईल. म्हणाली, "तोवर झालेलं असतं."

२१ सप्टेंबर, रविवार

साक्षी आणि प्राचीचं भांडण. साक्षी म्हणते प्राचीमुळे उशीर होतो, ती अजून help(str) पहिल्यापासून वाचतेय, रोज थोडं. मी सांगूनही. आज l पासून पुढे गेली म्हणे.

"तू नुसत्या उड्या मारतेस," प्राची म्हणाली. "मागं-पुढं काय हाय ते तुला ठाऊक नसतं."

"आणि तू म्हातारी होशील तोवर z येईल."

दोघींना एका कीबोर्डवर बसवलं. एकीने शब्द सांगायचा, दुसरीने दाबायचं. आधी गुरगुरल्या. मग बऱ्या चालल्या. प्राचीला काय काय आहे ते माहीत असतं, साक्षीला तिथवर पोचायचं कसं ते. प्राचीच्या त्या दिवसाच्या प्रश्नाला उत्तर हेच असावं. दोघी लागतात.

आज मला खात्री वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे पुढे डळमळले तर वाचता येईल.

५ ऑक्टोबर, रविवार

झालं. सगळं नीट लिहायला हवं, नाहीतर मी उद्या त्याला वेगळं वळण देईन.

तात्या समाप्तीच्या कार्यक्रमाला सकाळी आले. जय भीम झालं, चहा झाला, ते थेट खोलीतच. मागे आबा, कमिटीचे लोक, दारात महिला मंडळ, त्यात आई. कॉम्प्युटरपुढे प्राची आणि साक्षी. मी भिंतीला टेकून. तोंड उघडायचं नाही असं मीच ठरवलेलं.

तात्यांनी काम दिलं. ते त्यांच्या मनात बरेच दिवस असावं. विहाराच्या वर्धापनदिनाची पत्रिका छापायची आहे. दरवर्षी नावांवरून भांडण. माझं खाली का, त्याचं वर का. एका वर्षी तर एकजण पत्रिका परत देऊन गेला होता. तात्या म्हणाले, "यंदा सगळी नावं अ आ इ प्रमाणे. मग कुणाला बोलायला जागा नाही. लावून दाखवा." आणि मागच्या वर्षीची पत्रिका पुढे ठेवली.

क्रम लावणं मी शिकवलेलं नव्हतं. खरंच नव्हतं.

साक्षीने नावं टाइप केली, पत्रिकेत होती तशीच. त्या पडद्यावर काना-मात्रा सुट्या पडतात, आबा म्हणाले, "मोडला." कुणी लक्ष दिलं नाही. प्राची म्हणाली, sorted बघ, मागे कुठेतरी होतं. help(sorted). छोटं निघालं, एकाच पडद्यात संपलं, खाली (END). आबांचा हात भिंतीकडे जाताना मी पाहिला. तात्यांनीही पाहिला. "राहू दे ओ आबा."

दोघींनी वाचलं, q, करून बघितलं. नावं क्रमाने आली. टाळ्या पडल्या. मी सुटले असं वाटलं.

प्राची मात्र पडद्याकडे बघत राहिली. "ताई, सगळ्या बायका खाली गेल्या."

खरंच. वर सगळे पुरुष, खाली सगळ्या बायका. कारण आमच्या पत्रिकेत पुरुषांच्या नावाआधी "आयु.", म्हणजे आयुष्मान, असतं आणि बायकांच्या आधी "आयुष्मती". यंत्राने त्या पहिल्या शब्दावरच क्रम लावला. त्याच्या हिशेबात टिंब आधी, ष नंतर. नावापर्यंत ते पोचलंच नाही.

आबा: "बरोबर हाय की. दरवर्षी तसंच असतं. महिला मंडळ शेवटी."

प्राची: "पण अ आ इ प्रमाणे सांगितलंय ना आबा. मग हे अ आ इ कुठं हाय?"

तात्या म्हणाले, "ती बोलतेय ते बरोबर आहे. करा."

मग जे झालं ते मी विसरणार नाही. प्राचीने डोळे मिटले. "str मध्ये हाय. r मध्ये. पुढचा भाग काढून टाकायचा, असं काहीतरी. मी वाचलंय." साक्षीने help(str) केलं, / मारला, म्हणाली, "शब्द सांग." प्राचीने prefix सांगितला. इंग्रजीच्या बाईंनी शिकवलेला. पान उडालं आणि थेट removeprefix वर थांबलं. साक्षीने b मारून वरचं बघितलं, स्पेसने परत खाली, दोघींनी ओठ हलवत वाचलं. q. पडदा रिकामा. साक्षीच्या तळहातावर यावेळी काही नव्हतं.

दोनदा चुकलं, "आयु." नंतरची मोकळी जागा राहिली होती. तिसऱ्यांदा आलं. आधीचे शब्द काढून फक्त नावं, अ पासून. आडनावं आमची सगळ्यांची एकच, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

पहिलं नाव: अनिता.

अनिता म्हणजे आई.

दारात कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. आबांचं नाव भिकाजी. ते बरंच खाली. तात्यांचं सुरेश, ते तर तळाशीच. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरींनी काम केलं," म्हणाले. "याबद्दल वाद नाही." आणि मग, "बाकी सभेत बघू."

बाकी म्हणजे ते पहिलं नाव आणि त्यासोबत खोलीही, हे सगळ्यांना कळलं. आईला आधी कळलं. मी बघितलं तेव्हा ती दारात नव्हती.

६ ऑक्टोबर, सोमवार

आबा दुकानात आले, पालीला. कधी येत नाहीत. दाखल्याचं निमित्त होतं.

"मयुरे, मी वाईट नाय हां. पोरी हुशार हायत, माझीच नात हाय ती. पण पत्रिकेवर पहिलं नाव बाईचं, त्यातून लिहिता-वाचता अडणारीचं, मुंबईत लोक काय म्हणतील? कागद पूर्वीसारखा करून दे. कमिटी वर, महिला मंडळ खाली. मग खोलीचं मी स्वतः सांगतो तात्याला. बांबू माझ्या पडवीत राहतील."

म्हटलं, विचार करते. विचार करायचं काही नव्हतं, तरी म्हटलं. रस्त्याने येताना वाटलं, काय हरकत आहे? एक कागद. खोली राहिली तर पोरी शिकतील, पुढच्या वर्षी नावं लावू हवी तशी.

घरी पोचेपर्यंत ते गेलं. तात्यांनी अ आ इ सांगितलं होतं. पोरींनी वाचून ते केलं. आता मी तो कागद बदलला तर मी त्यांना काय शिकवलं? की नीट वाचा, नीट करा, आणि मोठ्यांना आवडलं नाही तर परत मोडा.

प्राची आज खोलीत वाचायला आली नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आई भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न बघता, "माझं नाव काढ त्यातनं."

"का?"

"खोली राहील ना. माझ्या नावानं काय व्हायचंय? नाव काय, रोज घेतात सगळे. अनिते पाणी आण, अनिते झाडू मार."

"तुला नकोय का?"

भाकरी उलटली. मग, "मला नको असतं तर मी त्या दिवशी दारात उभी राहिले असते. पळून कशाला आले?"

आम्ही दोघी जेवलो. बाहेर कापलेल्या हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचा वास.

८ ऑक्टोबर, बुधवार

कागद आहे तसाच. सड्यावर जाऊन फोटो तात्यांना पाठवला. खाली एवढंच लिहिलं: "तुम्ही सांगितलेल्या क्रमाने. प्राची आणि साक्षीने लावली आहेत."

आबांना त्यांच्या पडवीत जाऊन सांगितलं. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. ते बांबूंवर ताडपत्री घालत होते. "बरं," म्हणाले. एवढंच. प्राची आतून बघत होती, बाहेर आली नाही.

संध्याकाळी पुन्हा सड्यावर गेले तेव्हा मुंबईहून बाबांचा फोन आला, फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. ते मंडळाचे साधे सभासद, सभेत मागच्या रांगेत बसतात, हात वर करा म्हटलं की करतात. विचारलं, "बाय, ह्यात आईचं नाव पैलं हाय ते तू लावलंस?" म्हटलं, नाही, क्रमाने आलं. ते म्हणाले, "मंग ठीक हाय. कुणी काढायचं म्हटलं तर मी इचारणार, कुठल्या क्रमानं काढताय."

बाबा सभेत आजवर बोललेले नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मुंबईत सभा. पत्रिका आणि खोली, दोन्ही विषय.

वर्ग नेहमीसारखा घेतला. प्राची आली. मी विचारलं, आबांनी पाठवलं? "नाय," म्हणाली, "मी इचारलंच नाय." साक्षीने सरकून तिला जागा दिली, काही बोलली नाही, हे साक्षीच्या मानाने फार झालं. दोघींनी help(list) उघडलं. प्राची पहिल्यापासून. साक्षी थांबली तिच्यासाठी, पान संपेपर्यंत.

खोली गेली तर कुठे? आमच्या पडवीत टेबल मावेल, मोजून बघितलं नाही पण मावेल. पोरी आता कुठेही शिकतील. हे मी स्वतःला समजावत नाहीये. मला माहीत आहे.

संध्याकाळ होत आली. गडीमाणसं सभेची बातमी ऐकायला फोन घेऊन सड्यावर गेलीत. मी गेले नाही. आईने भांडी घासता घासता विचारलं, "ती नावं तिकडे वाचून दाखवतात का? मोठ्यानं?"

म्हटलं, हो. सभेत पत्रिका वाचून दाखवतात, मग मंजूर होते.

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तिने हात धुतले, पदराला पुसले. मग आत जाऊन फणी घेतली आणि उंबऱ्यावर बसून केस विंचरायला लागली, सावकाश, नीट भांग पाडून, जसं कुणी आत्ता हाक मारणार आहे.